मुक्या बाराची रात्र

वीज गेली होती आणि लवकर परत येण्याचे चिन्ह नव्हते. गच्चीवर सतरंजी अंथरली गेली, पुतणे-पुतण्या थोरल्या काकांभोवती येऊन बसले. काकांच्या ओळखीच्या माणसांनाच भुते बरी भेटतात, असे धाकटी पुतणी पुटपुटली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा कशावरच विश्वास नव्हता, स्वतःच्या निकालावरही नाही. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, अंधारातल्या गोष्टीला चष्मा लागत नाही म्हणाले, आणि आपल्या आतेभावाची हकिकत सुरू केली.

हा आतेभाऊ गावाबाहेरच्या दगडखाणीत सुरुंगाचा मिस्त्री होता. सारे गाव त्याला मिस्त्रीच म्हणे. रागात असली की बायकोसुद्धा. स्वभावाने भित्रा माणूस, आणि भित्रा होता म्हणूनच त्या धंद्यात त्याचे केस पिकायला आले होते. सुरुंग उडवणे कोणालाही जमेल, न उडू देणे ही खरी विद्या, असे तो म्हणे. आणि ती विद्या त्याने व्रतासारखी पाळली होती. सुरुंग उडवण्याचे यंत्र म्हणजे एक पेटी. तिला किल्ली लावल्याशिवाय ती निर्जीव. ती किल्ली मिस्त्रीच्या गळ्यात, गोफात ओवलेली. आंघोळीलाही ती उतरत नसे. दगडात भरलेल्या सुरुंगाच्या बारांपासून निघालेली तार खाणीच्या काठावरच्या आडोशापर्यंत येई. पेटीला जोडण्याची वेळ येईस्तोवर तिची दोन्ही टोके एकमेकींना घट्ट पिळून ठेवायची, कारण मोकळ्या टोकांच्या तारेत वाट चुकलेली वीज कुठूनही शिरते आणि बार आपणहून बोलतो.

पण या साऱ्याच्या वर एक गोष्ट होती, ती हाकेची. माणसे आडोशात आली की मिस्त्री त्यांची ओ घेई. प्रत्येकाने आपली ओ आपल्या तोंडाने द्यायची. मग सारे गप्प. मिस्त्री काठाशी उभा राहून रिकाम्या खाणीत एकदाच ओरडे, "खाली कोणी आहे?" आणि कान देऊन थांबे. खालून काहीही आले नाही, तरच किल्ली गळ्यातून निघे. ओ आली, तर ती देणारा वर आल्याखेरीज मिस्त्रीने तिथून हलायचे नाही. किल्ली, टोके, आडोसा या सगळ्यांची भिस्त अखेर एका न आलेल्या उत्तरावर होती.

मिस्त्रीचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ, त्याच खाणीत दगडाला भोके पाडायच्या कामावर होता. मेहुणा तो मेहुणाच; थट्टा केल्यावाचून त्याला घास गिळवत नसे. एकदा मिस्त्रीने खाणीत हाक दिली तेव्हा या पठ्ठ्याने आडोशातच पाठीमागून, तोंडावर हात धरून, बारीक आवाजात ओ दिली. सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. त्याने किल्ली गळ्यातच राहू दिली, एकटा खाली उतरला आणि दिवेलागण होईपर्यंत दगड न् दगड पाहून वर आला. त्यानंतर कित्येक दिवस तो मेहुण्याशी बोलला नाही. शेवटी बायकोने मध्ये पडून दोघांना एका ताटाशी बसवले.

तर ती रात्र. उन्हाळा सरत आलेला, शनिवार, अमावास्या दोन दिवसांवर. संध्याकाळी बार उडवले होते आणि त्यांतला एक मुका राहिला होता. म्हणजे भरलेला, जोडलेला, पण न उडालेला. असा बार हे खाणीतले सर्वांत वाईट जनावर. अंधारात त्याच्या वाटेला जायचे नाही, फाटकाशी राखण बसवायची, उजाडल्यावर काय ते बघायचे, हा नेम. राखणीला मेहुणा राहिला. मिस्त्रीने पेटी कोठीत बंद केली, किल्ली गळ्यात घातली आणि घरी आला.

जेवून उठताना त्याने खिडकीतून पाहिले, तर क्षितिजावर वीज लवत होती. आवाज नव्हता, नुसता उजेड. त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. किल्ली होती. पण तारेची टोके आपण पिळली का, हे त्याला आठवेना. बार मुका राहिल्याचे मालकाला कळले होते, त्याचा फोन नेमका त्याच वेळी आला होता, आणि एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने आपण काय केले… ते आठवेना. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. बाहेर वारा सुटला होता. पाऊस आला तर मेहुणा फाटकाशी भिजत बसणाऱ्यांतला नव्हता. काठावरचा आडोसा पावसात गळे, आणि कोरडी अशी जागा खाणीत एकच होती: खाली, कड्याच्या पोटातली खोबण. मुका बार त्या खोबणीच्या डोक्यावर होता.

त्याने मेहुण्याला फोन लावला. लागला नाही. बायकोला यातले काही सांगितले नाही. जरा खाणीवर जाऊन येतो, एवढेच म्हणाला. मग भावाचा डबा घेऊन जा, एवीतेवी तो उपाशीच बसला असेल, असे म्हणून तिने डबा हातात दिला. अशा रीतीने, एखादा माणूस पाहुण्याला जेवण पोचवायला निघावा तसा मिस्त्री निघाला.

फाटकाशी कंदील जळत होता. स्टूल होते. मेहुणा नव्हता.

मिस्त्रीने डबा स्टुलावर ठेवला, विजेरी लावली आणि काठावरच्या आडोशाकडे गेला. तारेची टोके जमिनीवर पडली होती. त्याने वाकून पाहिले. पिळलेली होती, घट्ट आणि नेटकी. त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की तो त्यालाच ऐकू आला. पण मेहुणा खोबणीत जाऊन झोपला असेल, तर टोके पिळलेली असून भागत नव्हते. आभाळातली वीज जवळ पडली, तर ती असल्या पिळाला कितपत जुमानील, याचा भरवसा मिस्त्रीला नव्हता. तो काठाशी आला. अंधारात खाण म्हणजे नुसती एक पोकळी. आणि मग, ज्या जागी तो रोज उभा राही त्याच जागी उभा राहून, रोजच्याच सुरात, त्याच्या तोंडून रोजचीच हाक गेली.

"खाली कोणी आहे?"

"ओ."

मिस्त्रीला आधी राग आला. आवाज मेहुण्याचा होता, आणि खोबणीकडून आला होता. तो ओरडून म्हणाला, की आधी वर ये, मग तुला सांगतो.

काही हालचाल नाही.

"वर ये म्हणतोय ना. मुका बार आहे तिथं."

"ओ."

तीच जागा. तोच सूर, किंचितही कमीजास्त नाही. पाय अडकला असेल, असे मिस्त्रीच्या मनात आले. दगड अंगावर आला असेल, शुद्ध पुरती नसेल. अंधारात मुक्या बाराजवळ जायचे नाही हा नेम होता. पण ओ देणाऱ्याला खाली टाकून जायचे नाही, हाही नेमच होता, आणि तो पहिल्याहून जुना. बायकोचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तो उतारावरून खाली निघाला.

उतारावर खडी पसरलेली. पावलागणिक ती करकरत होती. तो थोडा उतरे, थांबे, हाक देई. दर हाकेला ओ येई. एकदाही उशीर नाही. एकदाही आधी नाही.

निम्मा उतार संपला असेल.

"दाजी…"

हा आवाज वरून आला होता. पाठीमागून. काठावरून.

"दाजी, कुणाशी बोलताय?"

मिस्त्री जागच्या जागी थिजला. वर मेहुणा होता. वारा सुटला म्हणून तो फाटकाबाहेरच्या ट्रकमध्ये जाऊन बसला होता आणि तिथेच त्याचा डोळा लागला होता, असे तो वरून सांगत होता. आवाज झोपेने जड झालेला.

आणि खालून, त्याच आवाजात, अगदी तसाच जड…

"दाजी."

इथे काका थांबले. पुतणीने पाय जवळ घेतले होते. काका म्हणाले, की आता त्या माणसाची अवस्था ध्यानात घ्या. एक मेहुणा वर, एक खाली. वर गेला आणि खालचा खरा असला, तर बायकोला कोणते तोंड दाखवणार? खाली गेला आणि वरचा खरा असला, तर… खाली काय आहे?

विजेरीचा झोत खोबणीपर्यंत पोचत नव्हता. मिस्त्रीने ती विझवली. डोळ्यांचा उपयोग नव्हता. त्या धंद्यात जे काही कळते ते कानाला कळते. तो म्हणाला, "चालत ये."

कोण, ते म्हणाला नाही.

वरून खडी करकरली. एक पाऊल. दुसरे. मेहुणा शिव्या पुटपुटत, घसरत, उतार उतरत होता.

खालून काहीच नाही. एक खडासुद्धा हलला नाही. फक्त…

"ओ."

ती जवळून आली होती. खोबणीतून नव्हे. उताराच्या तळाशी, खडीवर. आणि खडी वाजली नव्हती.

मेहुणा येऊन मिस्त्रीला धडकला. अंगाला घामाचा आणि तंबाखूचा वास. मिस्त्रीने त्याचे मनगट धरले. गरम होते. मेहुण्यानेही ती ओ ऐकली असावी, कारण ज्याला कधी गप्प बसणे माहीत नव्हते, तो गप्प होता.

मग खालून हाक आली.

"खाली कोणी आहे?"

हा आवाज मेहुण्याचा नव्हता.

तो मिस्त्रीचा होता. त्याचाच सूर. शेवटच्या अक्षराला तो जसा हेल देई, तसाच हेल. आणि हाकेनंतर शांतता. कान देऊन थांबलेल्या माणसाची शांतता.

मेहुणा खेचत होता, पळा म्हणत होता. पण आयुष्यभराचा धंदा अंगात मुरलेला. हाक म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? उत्तर आले नाही, तर हाक देणारा काय करतो…

त्याने तोंड उघडले.

"ओ," तो म्हणाला. "आहे. दोघं आहोत. थांब."

काहीच झाले नाही.

वारा पडला होता. खालचे ते जे काही होते, ते थांबले होते. ते दोघे वर निघाले. पळत नव्हते; पळायला भीती वाटत होती. एक पाऊल. थांब. एक पाऊल. पाठीवर कोणाची तरी नजर, कपड्याला ओल लागावी तशी. काठ आला. आडोसा आला. मिस्त्रीने मेहुण्याला आत लोटले, स्वतः आत शिरला, पाठ पत्र्याला टेकवली.

खालून, तितक्याच सावकाश…

"खाली कोणी आहे?"

मेहुण्याचे तोंड सवयीने उघडले. मिस्त्रीने त्याच्यावर हात दाबला. मनगटातली सारी ताकद लावून दाबला. ओ गेली, तर हाक देणारा ती शोधत येतो.

शांतता.

शांतता…

आणि बार उडाला.

दगड पत्र्यावर आदळत राहिले, नंतर खडी, नंतर नुसती धूळ. कानांतला नाद ओसरला तेव्हा मिस्त्री गळा चाचपत होता. किल्ली तिथेच होती. त्याच्या पायाशी तारेची टोके होती, एकमेकींना पिळलेली. मग पाऊस आला, तो रात्रभर कोसळला. दोघे आडोशातून हलले नाहीत, आणि मिस्त्रीने मेहुण्याच्या तोंडावरचा हात बराच वेळ काढला नाही.

वीज पडली असेल, पुतणी म्हणाली. पण फार हळू म्हणाली. काकांनी मान डोलावली. मालकालाही मिस्त्रीने तसेच सांगितले होते, आणि मालकाने ते मानलेही. पण त्या घटकेला आभाळात काही लवले होते का, हे मेहुण्याला विचारले की तो विषय बदलत असे.

उजाडले तसे ते दोघे खाली उतरले. पाऊस अजून भुरभुरत होता. खोबण राहिली नव्हती. तिचा कडा सबंध खाली बसला होता. सगळीकडे ताजा फुटलेला दगड आणि सगळे चिंब. फक्त उताराच्या तळाशी, खडीवर, एक जागा कोरडी होती. एक माणूस उभा राहील एवढी. तिच्यावर दगड पडला नव्हता, धूळही बसली नव्हती. मेहुणा हात धरून मागे ओढत होता, तरी मिस्त्री वाकून पाहत राहिला. थेंब त्या जागेच्या भोवताली पडत होते. वरून सरळ येत आणि तिच्या बरोबर वर, माणसाच्या उंचीवर, दोन बाजूंना वाटले जात.