आठवी गोटी

फेब्रुवारीच्या ऐन उन्हाळ्यात गोया गावात दुपारी दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. झडपा बंद करून माणसं उघड्या फरशीवर लवंडलेली असतात. अशा रणरणत्या वेळी इताती ओहेदा चिपांची, म्हणजे चीजच्या गरम छोट्या पावांची, पिशवी घेऊन अध्यापक विद्यालयाकडे निघाली होती. चिपा शिपाई रुफिनोसाठी होत्या. लाच म्हणा हवं तर. ती त्याला शेजारधर्म म्हणायची.

'साहित्य समीक्षा' हा तिचा एकच विषय राहिला होता. परीक्षा तोंडी. तीन परीक्षक, एक कापडी पिशवी आणि पिशवीत सात लाकडी गोट्या. हाताला येईल त्या गोटीवरचा आकडा बघायचा आणि त्या क्रमांकाच्या समीक्षा-संप्रदायानुसार ठरलेल्या कथेचा अर्थ लावायचा. दोनदा ती नापास झाली होती, आता तिसरी आणि शेवटची संधी. एस्किना गावच्या शाळेनं तिच्यासाठी शिक्षिकेची जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. ती गेली की चौतिसाव्या वर्षी पुन्हा मेव्हण्याच्या दुकानात दोरखंड कापत बसायचं.

म्हणून तिनं रुफिनोला गाठलं. पाच नंबरची गोटी सकाळपासून बर्फात ठेवायची आणि ऐन वेळी पिशवीत सोडायची. हाताला गार लागेल ती आपली. गोयात कित्येक जण असेच पदवीधर झाले, त्यातला एक तर पुढे शिक्षणखात्यात साहेब झाला म्हणतात. पाच म्हणजे मार्क्सवाद, आणि तो तिला स्वल्पविरामासकट पाठ होता.

कथा म्हणाल तर दोन पानांची, लेखकाचं नाव नसलेली. भर दुपारी एक बाई बिनखिडकीच्या खोलीला आतून कडी घालते, दाराकडे पाठ करून खुर्चीत बसते. मग लाकडावर टकटक होते. बाई वळून बघत नाही. संपली कथा! एवढ्यावर विद्यालयानं तीस वर्षं पोरं रडवली. मनोविश्लेषणवाले म्हणत, दारात तिचा बाप उभा आहे. मार्क्सवादी म्हणत, घरमालक आलाय. स्त्रीवादी म्हणत, नवरा आहे, उघडू नकोस बाई. संरचनावादी माणसांच्या भानगडीतच पडत नसत, ते 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने आखून मोकळे होत.

हे सगळं शिकवायचे प्रोफेसर मासिएल. त्यांनीच तिला दोनदा घरी पाठवलं होतं. "लोकांचं छान सांगितलंस, इताती. तुला काय दिसलं?" असं विचारून ते बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा वाजवत. टक, टक. म्हणजे पुढे बोल. एकदाच वाजलं तर पुरे, पास. तिच्यासाठी एकदाच असं कधी वाजलं नव्हतं. जुलैत मासिएल गेले. इतातीनं फुलं वाहिली आणि खरं सांगायचं तर परतताना तिला जरा हलकंच वाटलं.

दारात रुफिनोनं चिपा घेतल्या आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

वर्गात झडपा बंद, पंखा थांबलेला. टेबलामागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत अध्यक्षा ओर्तेन्सियाबाई, डावीकडे प्रांताच्या राजधानीहून बसनं आलेला तरुण प्रोफेसर लिसांद्रो. उजवी खुर्ची रिकामी.

"तिसरे सर?" इतातीनं विचारलं.

"नेमणुकीचा कागद यायचाय अजून," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. "यादीत मासिएलच आहे. तीन नावं नसली तर परीक्षा रद्द, म्हणून खुर्ची मांडलीय."

"लेखक मेला असं आपण शिकवतोच की, बाई," लिसांद्रो हसला. "परीक्षक मेला तर काय बिघडलं?"

"तुझी जीभ फार वळवळते, लिसांद्रो. काढ गं गोटी."

इतातीनं पिशवीत हात घातला. गोट्या घामेजल्यासारख्या कोमट होत्या. मग बोटाला एक गार लागली. पण हा गारवा बर्फाचा नव्हता. हिवाळ्यात कुदळीखाली निघणारी माती जशी गार लागते, तशी. तिनं ती बाहेर काढली आणि ओल्या मातीचा वास वर आला.

"आठ," ती म्हणाली.

"आठ नाहीच अभ्यासक्रमात. दाखवा बघू." लिसांद्रोनं हात पुढे केला.

ओर्तेन्सियाबाईंनी त्याचा हात धरला. "नको हात लावूस... मासिएलची आहे ती. त्यानं स्वतः कोरलेली. आम्ही त्याला कधी वापरू दिली नाही."

"मग पिशवीत कशी आली?"

"मला काय माहीत... मी ती त्याच्या मुठीत ठेवली होती, लिसांद्रो. शवपेटीवर झाकण बसवायच्या आधी."

बाहेर रातकिड्यासारखं काहीतरी किर्र करत होतं, ते थांबलं.

"दुसरी काढू?" इतातीचा आवाज तिलाच परका वाटला.

"एकदाच काढता येते. उठून गेलीस तर नापास." बाई कुजबुजल्या, "पण मी तुझ्या जागी असते तर गेले असते, पोरी."

इतातीला एस्किनाची शाळा दिसली. मग दोरखंड. ती उठली नाही. "आठवी म्हणजे कुठला संप्रदाय, बाई?"

"कुठलाच नाही. तुला काय दिसलं, ते..."

टक, टक.

लिसांद्रोचे दोन्ही हात मांडीवर होते. ओर्तेन्सियाबाईंचे तोंडावर.

इतातीनं कागद ओढला. कथा तोंडपाठ होती, पण ती तिनं पहिल्यांदाच वाचली.

"बाईनं... कडी आतून घातलीय. खोलीला खिडकी नाही." तिनं ओठ ओले केले. "टकटक 'लाकडावर' होते असं लिहिलंय. 'दारावर' असं कुठंच नाही. तीस वर्षं आपण दाराबाहेरचा माणूस शोधतोय... दाराबाहेर कोणी नाहीच."

टक, टक.

"जे वाजवतंय ते आत आहे. तिच्यासोबत. म्हणून ती वळत नाही. ते मागे नाहीच ना... ते ती बसलीय त्या..."

टक.

एकच. टेबलावर नव्हे. तिच्या खुर्चीच्या फळीत, खालून. माकडहाडापर्यंत पोचलं तिला.

ओर्तेन्सियाबाईंनी गुण लिहिले. दहापैकी आठ. उजव्या खुर्चीकडे न बघता.

बाहेर रुफिनो डोकं खाजवत उभा होता. "माफ कर पोरी. सकाळपासून वीज नाही, बर्फाचं पाणी झालं. तेच सांगत होतो तुला. मी गोटी टाकलीच नाही परत." त्यानं तळहात उघडला. पाच नंबरची गोटी, चिपासारखी गरम.

एस्किनाची नोकरी तिला मिळाली. खोली तिनं हट्टानं शोधून घेतली. लोखंडी दार, लोखंडी खाट, सिमेंटची फरशी आणि पत्र्याचं कपाट. घरमालकिणीला वाटलं, मास्तरीणबाईंना वाळवीची भीती आहे.

पहिल्या रविवारी दुपारी तिनं आतून कडी घातली आणि मुलांच्या वह्या तपासायला बसली. चौथ्या वहीपर्यंत आली आणि लेखणी थांबली.

टक, टक.

पुढे बोल.

ती वळली नाही. खाली मात्र तिनं पाहिलं. शुक्रवारी ती शाळेत असताना घरमालकिणीनं प्रेमानं एक खुर्ची आणून ठेवली होती. चांगली, जुनी, लाकडी. वह्यांच्या नादात ती न बघता त्याच खुर्चीत बसली होती. खुर्चीच्या पायांना अजून ओली माती लागलेली होती.