डावी पाटी

"जुना माल नवा म्हणून माझ्या गळ्यात मारलाय," असं म्हणत प्रमिला धनवडेनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. "डाव्या अर्ध्यावर नुसतं धुकं आहे. पंधरा दिवसांत बदलून मिळतो म्हणतात. उद्या सहाला दुकान बंद झालं की मुदत संपली."

कोल्हापूरच्या त्या दृष्टिमापन प्रयोगशाळेत अशा तक्रारी रोजच्याच. डॉ. शेहनाझ मुल्ला यांनी आधी प्रमिलाचे डोळे मोजले, मग लॅपटॉप मोजणीच्या चौकटीत बसवला आणि सहायक कुरणे आकडे वाचू लागला.

प्रमिलाला राग येणं साहजिकच होतं. हा लॅपटॉप तिनं उचलला आणि आणला असं नव्हतं, दोन महिने वहीत तुलना केली होती. ती शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस. सहा आठवड्यांवर ग्रंथालयशास्त्राची परीक्षा. पास झाली तर कायम, नाही तर जूनपासून घरी. एका बाजूला पुस्तक उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला लिहायचं, म्हणून तिला सतरा इंची पडदाच हवा होता. अखंड सतरा इंची आवाक्याबाहेरचा. हा दोन पाट्या जोडून केलेला, म्हणून निम्म्यात मिळाला. मधे केसाएवढी रेघ दिसते, असं शेजारणीनं नाक मुरडून सांगितलं, तेव्हा प्रमिला म्हणाली होती, "दिसू दे की! मला काय ती रेघ चाटायची आहे?"

"नेत्रमेळ पडदा म्हणजे काय ते दुकानदारानं सांगितलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चष्मा लागत नाही आणि बॅटरी तीन दिवस टिकते, एवढं सांगितलं."

"ती का टिकते ते ऐका. प्रत्येकाच्या डोळ्यात काही ना काही वाकडं असतं. हा पडदा वाचणाऱ्याच्या डोळ्यातलं वाकडेपण मोजतो आणि प्रकाश तेवढाच उलटा वाकवून सोडतो. मग अक्षर डोळ्यात सरळ पडतं, उजेड वाया जात नाही. पहिले चाळीस तास मोजणी चालते. मग आतलं रसायन तुपासारखं थिजतं. फक्त हे तूप पुन्हा पातळ होत नाही. ज्यानं जास्त वाचलं त्याच्या डोळ्यावर थिजतं, मग त्यालाच दिसणार. बाकीच्यांना धुकं."

"मॅडम, दोन्ही पाट्यांवरचे डोळ्यांचे ठसे वेगळे आहेत," कुरणे म्हणाला. "उजवी अजून थिजलेली नाही, एकतीस तास झालेत, आणि ठसा ह्या ताईंचाच आहे. डावी थिजलीय. बहुतेक वाचन दुपारी बारा ते चार, गेल्या तेरा दिवसांतलं."

म्हणजे दुकानदार निर्दोष. वाचलं ते प्रमिलाच्या घरातच.

"आणि हा ठसा विचित्र आहे," डॉक्टर पुढे वाकल्या. "उजव्या डोळ्याची नोंदच नाही. डाव्या बुबुळावर चंद्रकोरीसारखा भाजल्याचा व्रण. या माणसाला छापलेलं एक अक्षरही दिसत नसणार. या पाटीवर मात्र सगळं दिसतं."

"भाजल्याचा व्रण? ते तर आमचे आबा!" प्रमिला म्हणाली.

शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षांपूर्वी ओतकामाच्या वेळी लोखंड उडालं होतं. तिचे सासरे, आबा, तेव्हापासून उजव्या डोळ्यानं आंधळे आणि डाव्यानं उजेड-अंधार ओळखण्यापुरते. चष्म्याचा उपयोग नाही, ऑपरेशनचा नाही, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात नवी वस्तू आली की पहिला मान थोरल्याचा, म्हणून लॅपटॉपला हळदकुंकू लावून तिनं आबांच्याच बोटानं बटण दाबून घेतलं होतं. 'आधी दुसऱ्या कुणाला वाचू देऊ नका,' असं दुकानदारानं बजावलं होतं. पण आबांना कुठं वाचता येतंय!

"बदलून घेतला तर?" तिनं विचारलं.

"पंधरा दिवसांत कारण विचारत नाहीत, पण जुना वितळवतात. पाट्या सुट्या होत नाहीत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

घरी आबा कॉटवर बसले होते. तिनं काही विचारायच्या आत त्यांनीच मान खाली घातली. "चुकलं बघ माझं. पुसायला म्हणून फडकं घेऊन गेलो. बटण दाबलं, आणि नाकाला नाक लावल्यागत जवळ गेलो, तर अक्षरं! अगं, मी रडलो तिथंच. कुणाला सांगावं, तर मोडेल म्हणून भ्यालो."

"आणि वाचलंत तरी काय एवढं?"

"तू जे उघडं ठेवून जायचीस तेच. दुसरं कुठं उघडता येतंय मला? तुझं ते ग्रंथालयाचं बुक. दोन धडे तर दोनदा झाले."

प्रमिलाला हसू आणि रडू एकदमच आलं. अकरा वर्षांनी माणसाच्या डोळ्यांपुढं अक्षर आलं, आणि तेही पुस्तकांना क्रमांक कसे द्यावेत याचं!

"उद्या बदलून आण," आबा म्हणाले. "माझं वाचून झालंय. तुझी नोकरी महत्त्वाची."

दुसऱ्या दिवशी तासभर लवकर सुटी मागून ती घरी आली, तेव्हा पावणेपाच वाजले होते. लॅपटॉप पिशवीत भरून, पिशवीला गाठ मारून आबांनी दारातच ठेवला होता. रात्रभर तिला झोप नव्हती. दुसरा लॅपटॉप घेणं दोन वर्षं तरी जमणार नव्हतं, आणि निम्म्या पडद्यावर पुस्तक उघडलं तर लिहायचं कशावर? तिनं पिशवी उचलली.

"प्रमिला, एक विचारू?" आबा म्हणाले. "चौथा धडा अर्धाच राहिला. दोन विषयांचं एकच पुस्तक असलं तर ते कुठल्या कपाटात लावायचं, ते पुढच्या पानावर असणार. परीक्षा झाली की सांगशील?"

तिनं पिशवी परत खाली ठेवली. मग खाली बसून तिनं पिशवीची गाठ सोडली.

"परीक्षा झाल्यावर कशाला? आत्ताच वाचा. डावीकडं पुस्तक, ते तुम्ही मोठ्यानं वाचायचं. उजवीकडं मी लिहिणार. मला दोन्ही बाजू हव्या होत्या ना, मग आहेत की दोन्ही!"

"आणि मी अडखळलो तर?"

"तर माझी टिपणं नीट होतील. सरका जरा."

दोन खुर्च्या लागल्या. आबांनी नाक पडद्याला टेकवलं. तिच्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं, त्यांच्या बाजूचं तिला. 'अनुक्रमणिका' म्हणताना त्यांची जीभ दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा शब्द बरोबर आला. तिनं तो लिहिला.

दुकानाचं शटर सहाला पडलं असेल. तेव्हा आबा एकशे अठराव्या पानावर होते.