माझं बघ

दुपारचा दीड वाजला असेल. सारजाबाई दवाखान्याच्या आवारातल्या नळावर तांब्या भरायला आली होती. सोलापूरचा वैशाख तो; नळाचं पाणीसुद्धा कढत यायचं. तिनं ओंजळभर तोंडावर मारलं, पदरानं पुसलं आणि लगबगीनं आत निघाली. लगबगीनं म्हणायचं आपलं. तीन दिवस पाठ टेकली नव्हती बाईनं, पाय नुसते फरफटत होते.

आत खाटेवर तिचा नवरा होता, महिपती. गिरणीत मागावर काम करणारा, पोत्याचं ओझं हसत उचलणारा गडी. आठवड्यामागं त्याला ताप भरला. ताप उतरता उतरता आवाज गेंगाणा झाला, जीभ जड पडली, आणि पाणी पाजलं की नाकावाटे परत यायला लागलं. तिथवरही सोसलं असतं हो. पण मग श्वासाचीच पंचाईत होऊन बसली.

वेणीमाधव डॉक्टरांनी आपल्याच मानेमागं, केस संपतात तिथं बोट ठेवून तिला समजावलं होतं. "बाई, वांग्याला देठ असतं ना, तसं मेंदूलाही असतं. लंबमज्जा म्हणतात त्याला. अंगठ्याएवढं असेल-नसेल. माणूस झोपला तरी त्याचा श्वास चालतो, तो त्या देठाच्या जिवावर. महिपतीचं ते देठच आजारी आहे. जागा असेल तोवर आठवणीनं श्वास घेईल. झोपला की विसरेल."

"मग झोपूच द्यायचं न्हाय व्हय?"

"झोपेवाचून माणूस जगतो का? झोपू द्या त्याला. पण दर श्वासाला आठवण तुम्ही करायची. नाहीच ऐकलं तर बरगड्यांखाली दोन्ही हात ठेवून दाबायचं. चार-सहा दिवस निभले तर देठ सुधारेलही."

झालं. तेव्हापासून ती "ओढ... सोड..." म्हणत बसली होती. तो गुंगीतही ते ऐकायचा, आणि छाती वर यायची. कधी ऐकायचा नाही, ओठ निळे पडायचे, मग तिचे हात धावायचे.

ती पाणी आणायला गेली तेवढा वेळ केराबाई, म्हणजे तिथली आया, खाटेशी बसली होती. ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"सांबाळ बाई तुजा धनी. बाळंतिणीच्या खोलीत बोलावलंय मला, नड हाय तितं. तुजा दीर कवा येतोय?"

"उद्या सकाळच्या मोटारीनं. टेंभुर्णीस्नं."

"मग आजचा दिस रेट कसा तरी. डोळा लागला तर..." केराबाईनं पुढचं गिळलं.

"लागायचा न्हाय," सारजाबाई म्हणाली.

खिडक्यांना ओली तरटं लावली होती. आत कोंदट, हिरवट अंधार होता. फिनेलचा वास, ओल्या तागाचा वास. बाहेर उन्हात चिटपाखरू नव्हतं. आणि तिचा एकटीचा आवाज: ओढ... सोड... तिनं मांडीला चिमटे घेतले. तिखटानं झोप उडेल म्हणून भाकरीबरोबर आलेली मिरची चावली. काही उपयोग नाही. झोप म्हणजे चोर, तिला कुलूप कसलं घालणार?

आता एक सांगायला पाहिजे. सारजाबाईही गिरणीतलीच, रिळावरची. ते बायकांचं खातं. तिथं नजर हलली की धागा तुटतो, म्हणून मान वळवायची सोय नाही. पाणी प्यायला जायचं असो, नाहीतर तान्ह्याला पाजायला, बाई समोर बघतच म्हणायची, "माझं बघ." शेजारी जी कोण असेल ती न बघताच म्हणायची, "बघते." एकदा म्हटलं की ते रीळ तिचं. आणि तिची वेळ आली की पहिलीनं तिचं बघायचं. नाही म्हणायची मुभाच नव्हती. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. तोंड आपोआप बोलायचं.

तर त्या दुपारी डाव्या अंगाला कुणीतरी येऊन उभं राहिलं. रिळाच्या तेलाचा आणि कच्च्या सुताचा वास आला. सारजाबाईच्या मानेत वळायचं त्राण नव्हतं. आली असंल केराबाई, तिला वाटलं.

"माझं बघ," ती पुटपुटली.

"बघते."

आवाज केराबाईचा नव्हता. पण हे ध्यानात येईस्तोवर तिचं कपाळ खाटेच्या कडेला टेकलं होतं.

गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ती दचकून उठली. तरटावरची उन्हं तिरपी झाली होती. म्हणजे चार तास! "अगं आई गं!" म्हणून तिनं महिपतीच्या छातीवर हात टाकले. मारलं मी ह्याला, माझ्या हातानं मारलं.

छाती वर आली. खाली गेली. महिपती गाढ झोपला होता आणि त्याचे ओठ लाल होते.

केराबाई धावत आली. "मी न्हाय बाई, मी आत्ता सुटले तितनं. का? काय झालं?" डॉक्टर आले. हातात घड्याळ धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग हसले. "देठानं उचल खाल्ली म्हणायची! आपल्या आपण घेतोय तो. सुटलात, बाई." सारजाबाई हमसून हमसून रडली. आनंदच झाला होता तिला, खोटं कशाला सांगू?

डॉक्टर गेले, केराबाई पेज आणायला गेली. महिपतीनं डोळे उघडले.

"ती... कुटं गेली?"

"कोण?"

"ओढ-सोड म्हणणारी. लई दमली व्हती गं. सारकी म्हणत व्हती... मला जायचंय... माजं एकलंच पडलंय..."

तो परत झोपला, श्वास नीट चालू होता. सारजाबाई तशीच बसून राहिली. डाव्या अंगाला सुताचा वास आला. कानाशी कुणीतरी थकलेला उसासा टाकला.

"माझं बघ."

"बघते."

बोलून गेल्यावर तिनं तोंडावर हात दाबला. पण आता काय उपयोग? अनवाणी पावलं दाराकडं गेली, सावकाश, ओझं उतरलेल्या बाईची. दार हललंसुद्धा नाही.

मग कुणी न सांगता तिच्याच तोंडातून निघालं, "ओढ..."

पलीकडच्या रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर अंथरलेली होती. ती मधोमध वर आली. वीतभरच, तान्ह्याची छाती असते तेवढ्याच जागेत.

"सोड..." चादर खाली गेली.

सारजाबाईनं दात आवळले. आता म्हणायचंच नाही. चादर हलेना. ती बघत राहिली. आणि चादरीखालून एक बारीक, घुसमटलेला आवाज आला, भरल्या घशाचा. तिच्यानं राहवलं नाही. "ओढ, ओढ रे माझ्या राजा..."

सकाळी दीर आला, जोतीराम. महिपती उशाला टेकून पेज पीत होता, एक थेंब नाकातून येत नव्हता. सारजाबाई मात्र त्याच्याकडं पाठ करून बसली होती. घसा बसला होता, ओठ हलत होते.

"वयनी, दादा बरा झाला की! आता कुणापायी बसलाय? उठा, जरा पडा."

तिनं मान वर केली. डोळ्यांत एवढी झोप होती की जोतीरामला बघवेना. "भावजी," ती म्हणाली, "माझं..."

आणि जीभ चावली तिनं. ओठाच्या कोपऱ्यात रक्त आलं.

"न्हाय. तुमी... तुमच्या दादाला बघा."

"अवो, असं काय करताय?" तिला दंडाला धरून उठवायला जोतीराम वाकला. तोल सावरायला त्यानं पलीकडच्या खाटेवर हात टेकला आणि झटकन मागं घेतला. चादर तेवढ्या जागी ऊबदार होती, आणि त्याच्या तळहाताला दुधाचा वास येत होता.