श्वास न घेणारी बाई

पाऊस नुसता भुरभुरत होता, म्हणून आम्ही मायलेकी झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहिलो. शेजारी एक तरुण टॅब कानाशी धरून, डोळे मिटून उभा. आणि त्या टॅबमधून माझी हीच धाकटी मुलगी बोलत होती!

"मुलांनो, ढग पाणी धरून ठेवतो… आणि मग एक दिवस त्याला ते पेलवत नाही."

मी वळून पाहिलं. धाकटी माझं कोपर धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. शाळेत शिकवताना वर्गात ओरडून ओरडून तिच्या घशात गाठी झाल्या होत्या. त्या काढल्यापासून तोंडातून शब्द निघाला तर करवतीसारखा निघायचा. आणि हा बाबा तिचा जुना, मधाळ आवाज हातात घेऊन उभा!

"अहो," मी म्हटलं, "माझ्या लेकीचा आवाज तुमच्याकडे कसा?"

त्याने डोळे उघडले. पाहिलं मात्र तिच्याकडे. "म्हणजे… तुम्हीच त्या बाई?"

तिने मान हलवली आणि गळ्याभोवतीचा मफलर आणखी वर ओढला.

त्याचं काम मला तिथेच समजलं. शाळेने धाकटीला विचारून तिचे जुने, रेकॉर्ड केलेले धडे याच्या कंपनीला दिले होते. त्यावरून यंत्र तिचा आवाज शिकलं. आता याने नवा धडा लिहून द्यायचा आणि यंत्राने तो तिच्या आवाजात शिकवायचा. मुलं आपापल्या घरी टॅब उघडून बसायची. संध्याकाळी आमच्या गल्लीत खिडकीखिडकीतून माझी लेक बोलायची, आणि माझ्या घरात ती मुकी! अंगावर काटा यायचा. एकदा नीट कान दिला तेव्हा कळलं, खिडकीतली बाई श्वासच घेत नाही. एवढी लांबलचक वाक्यं, पण मधे एकदाही दम खात नाही.

तो घरी आला तो एका अक्षरापायी. 'जरा इकडे बघा' म्हणताना यंत्राचा ज चुकायचा आणि मुलं खो-खो हसायची.

"तुमच्या यंत्राला जन्मातला ज येतो," मी म्हटलं, "जावयातला येत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. लाजतोय म्हणजे अगदीच वाया गेलेला नाही, एवढं मी ओळखलं.

"बाई, एकदा तुम्ही म्हणून दाखवाल? 'जरा'… एवढंच."

धाकटीने टॅब ओढून घेतला, टकटक लिहिलं, बटण दाबलं. तिच्या जुन्या आवाजात यंत्र म्हणालं, "मी 'थोडं' म्हणेन. म्हणजे मुलं हसणार नाहीत."

"पण मग मलाही हसायला मिळणार नाही—"

टकटक. "तुम्हाला हसवायचा पगार मला मिळत नाही."

तो असा हसला की कपातला चहा बशीत आला.

मग तो येतच राहिला. आज च, उद्या झ. "एवढी अक्षरं आहेत, काकू, सगळी तपासायला हवीत."

"तपासा की. फक्त ज्ञपर्यंत पोचता पोचता म्हातारे होऊ नका."

तो बोलायचा, ती टकटक करायची आणि उत्तर तिसरीच द्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाज रोज थोडा वापरा, नाहीतर उरलासुरलाही जाईल. पण त्याने घरी ठेवून दिलेल्या टॅबवरून धाकटी माझ्याशीसुद्धा बोलू लागली. "आई, मीठ दे." मी दिलं नाही. म्हटलं, मीठ खाणारी समोर बसलीये, तिने मागावं. पोरगी अळणी जेवली, पण बोलली नाही. हात धुताना कानाशी येऊन तेवढं खरखरली, "त्याला तो आवाज आवडतो, आई. हा ऐकला तर… जाईल तो."

जाणारा जाऊ दे म्हणणं सोपं होतं. पण तो यायच्या वेळेला ती तीनदा खिडकीशी जायची, ते मला दिसत होतं.

एकदा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आणि मागच्या खोलीतून हाक आली, "आई…" गोड, स्वच्छ. मी गेले. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर टॅब, काच उजळलेली, त्यावर एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. धाकटीने लांबूनच हात हलवला— मी नाही. मी टॅबवर उशी ठेवली. कुणाचं तरी तोंड दाबल्यासारखं वाटलं, म्हणून लगेच काढली.

त्या दिवशी धुकं खिडकीला टेकलं होतं. धाकटी पीठ मळत होती, हात मनगटापर्यंत भरलेले. टॅब फळीवर. तो दारातच उभा राहिला, रुमाल पिळत.

"काकू, तुमच्यासमोरच विचारतो. बाई… माझ्याशी लग्न कराल?"

तिचे हात थांबले. ओठ हलले… आणि फळीवरून आलं,

"हो."

मी फळीकडे वळले. टॅबला कुणी शिवलं नव्हतं. तो पांढराफटक पडला. पण फळीकडे वळला नाही, तिच्याकडेच पाहत राहिला.

"तिला नाही विचारलं," तो म्हणाला. "तिच्या तोंडात शब्द मीच घालतो. तुम्ही काय बोलाल ते मला कधीच आधी कळत नाही… तेच ऐकायचंय. नाही म्हणालात तरी."

फळीवरून पुन्हा, लाडात येऊन, "हो म्हणाले ना…"

धाकटी उसळली.

"ए भवाने!" फळीवरची भांडी थरथरली. "तुला कुणी विचारलं गं? लग्न माझं आहे! मी सांगेन!" खोकली, धापा टाकल्या, मग त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही दारात काय खांबासारखे उभे? आत या. हो… हो म्हणतेय मी. चालेल असला आवाज?"

"पुन्हा म्हणा."

"हो. आता आणखी एकदा म्हणायला लावलंत तर नाही म्हणेन!"

मी टॅब उचलला, मागच्या खोलीत नेला आणि बाहेरून कडी घातली. आतून कुणीतरी 'आई, दार उघड ना' म्हणालं. स्पष्ट म्हणालं. मी वळले नाही. माझी लेक स्वयंपाकघरात घसा फाडून हसत होती.