ताटलीतली जीभ

दिंडोरीच्या वाइनरीत सकाळी दहाला चाखणीच्या टेबलावर बारा पेले मांडले होते. शालन गायधनी एकेक घोट तोंडात घोळवायच्या, पितळी पिकदाणीत थुंकायच्या आणि चार चुरमुरे चावून जीभ कोरी करायच्या. दिवसाला तीस वाइन गिळल्या तर माणूस धड घरी पोचेल का? चाखणाऱ्याने थुंकायचं, हा या धंद्याचा पहिला धडा.

आज त्यांच्या जोडीला माणूस नव्हता. काचेच्या ताटलीत रुपयाएवढा गुलाबी मांसल तुकडा होता, कृत्रिम जीभ. नळीतून तिच्यावर थेंब पडला की तिच्यातल्या रुचिपेशी संदेश पाठवत आणि पडद्यावर चवीचं वर्णन उमटे. ती बनवली होती मृदुला पाटणकरने, शालनताईंच्या लाडक्या शिष्येने. आज शालनताईंच्या आणि जिभेच्या नोंदी जुळल्या की चाखणीचं काम जिभेला आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर शालनताईंना नारळ, असं मालकांनी ठरवलं होतं.

पहिला पेला चिलीचा. “जांभूळ, ढोबळी मिरची,” शालनताई म्हणाल्या. पडद्यावरही तेच उमटलं. पोर्तुगालच्या कोवळ्या पांढऱ्या वाइनमध्ये दोघींना लिंबाची साल सापडली. शालनताईंना रागाऐवजी कौतुकच वाटलं. पोरगी शेवटी आपल्याच हाताखाली तयार झालेली.

चौथी वाइन जॉर्जियाची, जमिनीत पुरलेल्या रांजणात मुरलेली. “जर्दाळू, अक्रोड, कोऱ्या चहाचा तुरटपणा,” त्यांनी सांगितलं. पडद्यावर हे सगळं आलं, आणि खाली आणखी एक ओळ आली: शेवटी गंजक्या लोखंडाची चव.

शालनताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. तुरट काहीही तोंडात गेलं की त्यांना लहानपणापासून लोखंड लागायचं. हा वाइनचा नव्हे, आपल्या जिभेचा दोष, हे ओळखून त्यांनी तो कधी नोंदीत लिहिला नव्हता, कुणाला सांगितलाही नव्हता. मग यंत्राला कुणी शिकवलं?

त्यांची नजर पिकदाणीकडे गेली. आठ वर्षं मृदुला ती स्वतः रिकामी करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. बाई त्याला गुरुसेवा समजत होत्या!

“मृदुला, कुणाच्या पेशी आहेत या?” त्यांनी पडद्याशी बसलेल्या शिष्येला विचारलं.

मृदुलाने मान खाली घातली. “ताई, थुंकीतून जिभेच्या पेशी येतात. त्या मी वाढवल्या. तुम्ही तर टाकूनच देत होता.”

“मागितल्या असत्यास तर मी नाही म्हटलं असतं?”

“म्हटलं असतंत. स्वतःला घरी बसवणारी गोष्ट कोण देईल?”

ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. घोट कसा धरायचा इथपासून जिला शिकवलं, तिनेच केसाने गळा कापला होता. शालनताईंना रडू आलं आणि तिच्यासमोर रडावं लागतंय याची चीडही आली.

“तुमची जीभ पाच-सात वर्षांत थकेल,” मृदुला समजुतीच्या सुरात म्हणाली. “ही दिवसाला चारशे वाइन चाखते, ताई. एक प्रकारे तुम्हीच टिकून राहाल.”

चारशे! तीस पेल्यांनंतर शालनताईंची जीभ अशी चरचरायची की साधं पाणीही झोंबायचं. डोळे पुसून त्या ताटलीवर वाकल्या. नळीतून पाचवा थेंब पडला आणि गुलाबी तुकडा कडेकडेने आकसला.

“मृदुला,” त्यांनी हळूच विचारलं, “हिला दुखतं का गं?”