कोमट बाटली

दार ओढून घ्या रे, आणि त्या भित्र्या भागूबाईला मध्ये बसवा. मग म्हणू नका, काकांनी घाबरवलं. मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलची गाडी चालवली. मेलेली माणसं जिवंतांपेक्षा कमी त्रास देतात, हे माझं मत. पण ही गोष्ट आमच्या इकोवाल्याची. छातीवर यंत्र फिरवून हृदयाचं हलतं चित्र काढायचा तो. त्या रात्री त्याला घरून आणायला मीच गेलो होतो.

मंगळवारची रात्र, दोनला दहा कमी. आयसीयूत चार महिन्यांचा एक मुलगा धापा टाकत होता. हृदयाचा स्नायू थकलाय, एवढंच कळलेलं. सर्जनबाई म्हणाल्या, "पहाटेच्या आत पुन्हा इको करा. कारण सापडलं तरच मला काही करता येईल." मी दार वाजवलं, तर हा गडी एकाच पायात चप्पल घालून बाहेर.

गाडीत खिडकीबाहेर बघत बसला. मी म्हटलं, "काय रे, झोपमोड झाली म्हणून रुसलास?"

"असंच एक बाळ आलं होतं, दादा. मुलगी. चारच महिन्यांची. दोन वर्षं दोन महिने झाले."

त्या दिवशी बाहेर चाळीस जण ताटकळलेले. यंत्र फिरवण्याआधी लावतात ते गारढोण जेल यानं घाईघाईत पोरीच्या छातीवर ओतलं. ती दचकली, तिनं टाहो फोडला. बाळ रडलं की चित्र हलतं. शेवटची एक जागा बघायची राहिली, आणि हा 'स्नायू कमजोर' लिहून मोकळा झाला. महिन्याभरात पोर गेली. मग कळलं, हृदयाला रक्त पुरवणारी डावी नळी जन्मतःच भलतीकडे, फुप्फुसाच्या नळीला जोडलेली होती. लाखो मुलांत एखाद्याला असतं असं. सोडवून जागेवर लावली असती तर वाचली असती.

"तेव्हापासून जेलची बाटली आधी काखेत धरून कोमट करतो," तो म्हणाला. "पण तिच्यासाठी नाही केली ना..."

मी गाडी चालवली.

त्याच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली याच्याच खिशात. मी जिन्यापाशी थांबलो, हा यंत्र आणायला आत गेला. आतलं सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं.

यंत्र चालू होतं.

संध्याकाळी यानंच बंद केलेलं. तपासायच्या पलंगावर चादर दबलेली. एवढीशी जागा. यानं तिथे हात ठेवला... ओलं. जेल. बाटली उचलली. एसीनं खोली गारठलेली.

बाटली कोमट होती.

पडद्यावर एक चित्र थांबलेलं. नाव नाही, नंबर नाही. नेमकी तीच जागा. डावी नळी... फुप्फुसाच्या नळीतून निघालेली.

कुणी रडत नव्हतं. हा म्हणाला, दादा, तेच सहन होईना.

यंत्राच्या खालच्या फटीतून त्याच चित्राचा कागद बाहेर आलेला. तो खिशात कोंबून हा यंत्र ढकलत धावला. बाटली काखेत. मुलाच्या छातीवर तीच जागा धरली. मुलगा हूं की चूं करेना. आणि दिसलं! नळी तशीच, चुकीच्या जागी.

सर्जनबाईंनी उजाडायच्या आत मुलाला टेबलावर घेतलं. दुपारी बाहेर आल्या, मास्क काढला आणि मुलाच्या आईला म्हणाल्या, "नळी जागेवर बसवलीय. पोरगं लढतंय." आता तो पोरगा शाळेत जातो, वर्गात दंगा करून मार खातो.

त्याच दुपारी इकोवाल्यानं तो कागद बाईंपुढे धरला. बाईंनी कडेची मापं वाचली, पुन्हा वाचली.

"हे आजच्या बाळाचं नाही हो. चार महिन्यांचं हृदय एवढं नसतं."

"मग... केवढ्या मुलाचं?"

"अडीच वर्षांचं असेल. आणि याची नळी अजून तशीच आहे. कुठंय हे मूल? लगेच आणा त्याला."

इकोवाल्यानं बोटांवर मोजलं: दोन वर्षं दोन महिने, आणि त्याआधीचे चार.