रोज कोरा होणारा कॉम्प्युटर

“चार महिने कॉम्प्युटरवर लिहीत होते हे. हिनं एका दिवसात पुसून टाकलं,” सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे बोट दाखवायला गेल्या; ते गेलं दाराकडे. दृष्टी पार अधू झाली होती त्यांची.

दाराशी सुनेची बॅग भरून ठेवलेली होती. नवरा वर्षापूर्वी गेला, सासरे दहा दिवसांपूर्वी. आता हा आळ. चारच्या गाडीनं तिनं कायमचं निघावं, असा सासूबाईंचा हुकूम होता.

सासूबाईंनी बोलावलेल्या, खासगी तपास करणाऱ्या ताई खुर्चीवर टेकल्या. त्यांच्या मदतनिसानं, पूर्वीच्या कंपाउंडरनं, वही उघडली. दवाखाना सुटला तरी समोरच्याची तक्रार लिहून घ्यायची सवय सुटली नव्हती.

“काय लिहीत होते?” ताईंनी विचारलं.

“आमच्या मुलाच्या आठवणी. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करण्याआधी मला वाचून दाखवायचे. तेवढ्यात मी त्यांचा चष्मा पुसून ठेवायची. काय घडाघड वाचत! मागचं वाचा म्हटलं, की म्हणायचे, रोज ताजं असताना शिळं कशाला?”

“आणि सकाळी?”

“आधी ते मशीन कुरकुरायचं. मग हे कुरकुरायचे. ‘रोज विचारतं मेलं, भाषा कोणती? काल सांगितली होती ना!’”

सून खिडकीपाशी उभी होती.

“मी काही पुसलं नाही,” ती म्हणाली.

“सासऱ्यांशी भांडण झालं होतं?”

“झालं होतं.”

“कशावरून?”

“ते राहू द्या, ताई.”

कंपाउंडरनं वहीत सुनेच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. चोराच्या मनात चांदणं!

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, “चार महिन्यांपूर्वी बिघडलं होतं. तात्पुरतं चालेल असं करून दिलं. उरलेलं काम करायला दोनदा आलो, तर काकांनी दारातूनच परत धाडलं. म्हणाले, हेच बरं आहे.”

ताई उठल्या. कॉम्प्युटर चालू करून खालच्या कप्प्याचं बटण दाबताच तो बाहेर आला. त्यात एक सीडी होती.

“यातली लिहिलेलं साठवणारी हार्ड डिस्क तुम्ही काढून नेलीत. बरोबर?”

“जळली होती, ताई. या सीडीवर सगळं चालतं. पण बंद केलं, की लिहिलेलं जातं. काकांना मी बजावलं होतं.”

“म्हणजे पुसायला काही उरतच नव्हतं,” ताई सासूबाईंकडे वळल्या. “सीडी फिरायची, म्हणून कुरकुर. कालचं काही मशीनच्या लक्षात राहत नव्हतं, म्हणून भाषा रोज नव्यानं विचारायचं. हे जाणूनच त्यांनी नवी डिस्क नाकारली.”

“मग मला वाचून दाखवायचे ते?”

“चष्मा तुमच्या हातात असायचा, आजी. ते वाचत नव्हते. मुलाच्या गोष्टी तोंडानं सांगत होते, तुमच्यासाठी. दिवसभर लिहायचे ते काहीतरी वेगळंच. रोज लिहून रोज नाहीसं व्हावं असं. ते एकीनं वाचलं, म्हणून भांडण झालं. आणि आळ आला तरी ती बोलत नाही, कारण बोलली तर घाव तुम्हाला बसेल.”

कंपाउंडरनं ओढलेल्या दोन्ही रेघा खोडल्या.

“सांग,” सासूबाई म्हणाल्या.

“नको, आई.”

“सांग म्हणते ना!”

सून त्यांच्या पायाशी बसली. “हे गेले त्या सकाळी यांच्या छातीत दुखत होतं. यांनी बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, वात धरला असेल, जा कामावर. रोज तेवढंच लिहायचे. मी वाचलं आणि नको नको ते बोलले त्यांना. तुम्हाला कळू देऊ नकोस, म्हणून हात जोडले त्यांनी माझ्यापुढे.”

सासूबाईंनी चाचपडत सुनेचं डोकं शोधलं.

“वेडा माणूस,” त्या म्हणाल्या. “एकट्यानं घेऊन बसला. त्या सकाळी डबा घेताना लेकानं मलाही सांगितलं होतं गं. मी म्हटलं, संध्याकाळी आलास की बघू.”